अनलिमिटेड डेटा आणि त्यामागची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनलिमिटेड म्हणून घेतलेल्या प्लॅनवर एके दिवशी नेट रांगायला लागतं. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर मिळतं, ‘तुमचा हाय-स्पीड डेटा संपलाय.’ मग अनलिमिटेड कशाला म्हटलं होतं, हा प्रश्न साहजिकच पडतो. खाली असेच प्रश्न घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. नेटवर्क सगळ्यांचं मिळून असतं, त्यामुळे मर्यादा असायला माझी हरकत नाही. पण ती ‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलेली असली पाहिजे. ग्राहकाला ती शोधत बसावं लागणं मला अजिबात मान्य नाही.

अनलिमिटेड प्लॅनमध्ये नक्की काय अनलिमिटेड असतं?

बहुतेक वेळा फक्त जोडणी. म्हणजे ठरलेला कोटा संपला तरी नेट पूर्ण तुटत नाही आणि जादा बिलही येत नाही. पूर्ण वेगाने मिळणारा डेटा मात्र मोजून दिलेला असतो. कुठे दिवसाला अमुक जीबी, कुठे महिन्याला. तो संपला की वेग खाली आणला जातो आणि पुढच्या रीसेटपर्यंत तसाच राहतो.

एफयूपी म्हणजे काय?

फेअर यूसेज पॉलिसी. थोड्या लोकांनी बेसुमार वापर करून बाकीच्यांचं नेट बिघडवू नये, म्हणून घातलेल्या अटी. कल्पना रास्त आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच प्लॅनमध्ये एफयूपीचा आकडा इतका खाली ठेवलेला असतो की रोज तासभर व्हिडिओ पाहणारा साधा माणूसही त्यात अडकतो. एचडी व्हिडिओला तासाला सुमारे ३ जीबी लागू शकतात. त्या हिशेबाने दिवसाचा २ जीबी कोटा चाळीस मिनिटांत संपतो. एवढ्या वापराला ‘अति’ म्हणणं पटत नाही.

कोटा संपल्यावर वेग कमी करतात तो कसा?

तुमच्या वापराचा हिशेब फोनमध्ये नाही, कंपनीच्या कोअर नेटवर्कमध्ये ठेवला जातो. ठरलेला आकडा ओलांडला की तिथला सर्व्हर तुमच्या नंबरसाठी नवा नियम लावतो: यापुढे सेकंदाला इतकेच बिट. नेटवरचा डेटा छोट्या तुकड्यांत येतो, त्यांना पॅकेट्स म्हणतात. ठरल्याहून जास्त येणारी पॅकेट्स अडवून ठेवली जातात किंवा टाकून दिली जातात. पॅकेट्स पोचत नाहीत हे पाहून पलीकडचा सर्व्हरही पाठवण्याचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

म्हणूनच अशा वेळी फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, ४जी किंवा ५जी लिहिलेलंही असतं, तरी पान उघडत नाही. त्या काड्या टॉवरचा सिग्नल किती चांगला आहे एवढंच सांगतात. तुमच्या नंबरवर कुठला नियम लागला आहे, ते त्यांना कळायचा मार्गच नाही.

डीप्रायॉरिटायझेशन हा काय प्रकार आहे? तोही थ्रॉटलिंगच का?

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. थ्रॉटलिंगमध्ये टॉवर रिकामा असो की भरलेला, तुमचा वेग ठरलेल्या आकड्याच्या वर जात नाही. डीप्रायॉरिटायझेशनमध्ये तुम्हाला फक्त रांगेत मागे उभं केलं जातं. टॉवरवर गर्दी नसेल तर पूर्ण वेग मिळतो. गर्दी झाली की आधी महाग प्लॅनवाल्यांची किंवा कोटा शिल्लक असलेल्यांची पॅकेट्स जातात, मग तुमची. दोन्हींत निवडायचंच झालं तर दुसरी पद्धत कितीतरी न्याय्य आहे, कारण अडचण असते तेव्हाच ती आड येते.

६४ केबीपीएस वेगात काय काय चालतं?

कोटा संपल्यावरचा वेग म्हणून ६४ किंवा १२८ केबीपीएस हे आकडे अटींमध्ये दिसतात. वाचताना ते निरुपद्रवी वाटतात. थोडा हिशेब केला की खरी गोष्ट कळते.

केबीपीएसमधला ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ६४ केबीपीएसला सेकंदाला फक्त ८ केबी मिळतात. १ एमबी यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ. फोनने काढलेला ३ एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटं. आजकालचं साधं वेबपान दोन-अडीच एमबीचं असतं, ते पूर्ण उघडायला चार-पाच मिनिटं लागतील. पण तेवढा वेळ थांबतो कोण? ना तुम्ही, ना ते संकेतस्थळ. पैसे भरायचं पान अर्धवट येतं, गोल फिरत राहतं आणि ‘सेशन संपलं’ म्हणून सांगतं. पैसे गेले की नाही, याची धाकधूक वेगळीच. नुसत्या मजकुराचे मेसेज जातात. नेटवरून केलेला आवाजी कॉल कसाबसा लागतो, पण तुटक. व्हिडिओ कॉल विसरा.

आणखी एक हिशेब करून बघा. हा वेग रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता वापरला तरी चोवीस तासांत जेमतेम ७०० एमबी येतात. तीस दिवसांत वीस-एकवीस जीबी. म्हणजे कोटा संपल्यानंतर जो ‘अमर्याद’ डेटा मिळतो म्हणतात, त्यालाही गणिताने ठरलेली मर्यादा आहे, आणि प्रत्यक्ष आयुष्यात माणूस तिच्या जवळपासही पोचू शकत नाही.

म्हणून प्लॅन बघताना मी कोट्याच्या आकड्याइतकंच कोट्यानंतरच्या वेगाला महत्त्व देतो. १ एमबीपीएस असेल तर साधा व्हिडिओ चालतो, नकाशा उघडतो, व्यवहार होतात. कोटा थोडा कमी असला तरी असा प्लॅन घ्यायला हरकत नाही.

कंपन्या मर्यादा घालतात तरी का?

एका टॉवरच्या एका भागात जेवढं स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायला मिळालेला रेडिओ लहरींचा पट्टा, असतं, त्यातून सेकंदाला ठरावीकच डेटा जाऊ शकतो. तो त्या क्षणी तिथे असलेल्या सगळ्यांत वाटला जातो. संध्याकाळी सगळेच व्हिडिओ लावतात तेव्हा वाट्याला कमी येतो. हे कारण खरं आहे आणि ते मान्य करायला हवं.

पण गर्दीचा प्रश्न तासातासाचा असतो आणि कोटा असतो दिवसाचा किंवा महिन्याचा. पहाटे तीन वाजता रिकाम्या टॉवरवरून दहा जीबी उतरवून घेणाऱ्यामुळे कुणाचंच नेट अडत नाही, तरी त्याचा कोटा संपतो. संध्याकाळी आठ वाजता भरलेल्या टॉवरवर व्हिडिओ पाहणारा मात्र कोट्यात असल्याने बिनधास्त असतो. तेव्हा महिन्याचा कोटा हे गर्दीवरचं औषध कमी आणि महागडे प्लॅन विकण्याचं साधन जास्त, असं माझं मत आहे. हे मत एकट्याचं नाही. ग्राहकांच्या हिताचं रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ट्रॅकफोन या मोबाइल कंपनीवरच्या कारवाईत असंच नोंदवलं होतं: त्या मर्यादांना तांत्रिक कारण नव्हतं, खर्च वाचवण्यासाठी त्या घातल्या होत्या.

नेट मंदावलंय. कोटा संपलाय की टॉवरवर गर्दी आहे, हे कसं ओळखायचं?

आधी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा बघा. तिथे स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर वेगवेगळ्या वेळी स्पीड टेस्ट करा: सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा. जागा तीच ठेवा. आकडे वरखाली होत असतील, म्हणजे रात्री चांगले आणि संध्याकाळी वाईट, तर गर्दी आहे. कुठल्याही वेळी तोच एक आकडा येत असेल, समजा ०.०६ किंवा ०.१२ एमबीपीएस, तर वेग बांधून टाकलेला आहे. गर्दीतून इतका एकसारखा आकडा येत नाही.

त्याच कंपनीचं दुसरं सिम जवळ कुणाकडे असेल तर शेजारी शेजारी बसून दोन्ही तपासा. त्याचं चांगलं चालत असेल तर टॉवरला दोष नाही. मात्र टेस्टलाही डेटा लागतो, आणि वेग जितका जास्त तितका जास्त लागतो. चांगल्या ५जीवर एकेका टेस्टमध्ये शेकडो एमबी जाऊ शकतात. कोटा शिल्लक असेल तर उगाच वीस वेळा तपासू नका.

स्पीड टेस्टमध्ये वेग उत्तम दिसतो, व्हिडिओ मात्र धूसर. असं का?

काही प्लॅनमध्ये फक्त व्हिडिओचा वेग बांधलेला असतो, साधारण ४८० ओळींच्या चित्रापुरता. कोटा शिल्लक असतानाही. जोडणी कूटबद्ध असली तरी सुरुवातीला कुठल्या सर्व्हरशी बोलायचं आहे ते नाव बहुधा उघड जातं. त्यावरून कंपनी व्हिडिओ ओळखते. स्पीड टेस्टचा सर्व्हर त्या यादीत नसतो, म्हणून तो आकडा छान येतो.

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही टेस्ट त्यांच्याच व्हिडिओ सर्व्हरवरून डेटा मागवते. साध्या टेस्टचा आकडा आणि हिचा आकडा यांत प्रत्येक वेळी मोठी तफावत येत असेल तर व्हिडिओवर बंधन असण्याची शक्यता बरीच आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी याच कामासाठी ‘वीही’ नावाचं मोफत ॲप बनवलं आहे. ते तोच डेटा एकदा ओळखता येईल असा आणि एकदा ओळख पुसून पाठवतं आणि दोन्हींचा वेग ताडून बघतं.

हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की लगेच नेट का मंदावतं?

कारण बऱ्याच प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा आणि लहान असतो. लॅपटॉपचा डेटा कंपनीला वेगळा कळतोही. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, तो वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होतो. फोनमधून थेट निघालेल्या पॅकेटवर तो ६४ असेल, तर दुसऱ्या यंत्राकडून फोनमार्गे आलेल्यावर ६३ दिसतो. याशिवाय लॅपटॉप स्वतःला मोठ्या वायफायवर समजून सगळी अपडेट्स उतरवायला घेतो, तो भाग निराळाच. लॅपटॉपमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून मिळणारं, म्हणून नोंदवून ठेवा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

५जी अनलिमिटेड आहे म्हणतात. मग दिवसाचा कोटा का संपतो?

काही प्लॅनमध्ये सवलत फक्त ५जीवरच्या वापराला असते. फोन ४जीवर उतरला की तो वापर कोट्यातून कापला जातो. इमारतीच्या आतल्या खोलीत, तळघरात, प्रवासात फोन सतत ५जी सोडून ४जीवर जातो, आणि व्हिडिओ न अडखळता चालू राहत असल्याने ते लक्षातही येत नाही. शिवाय वेग जास्त तितका कोटा लवकर संपतो. १०० एमबीपीएस वेगाने सलग डाउनलोड केलं तर २ जीबी तीन मिनिटांच्या आत जातात.

इतका डेटा मी वापरलाच नाही. गेला कुठे?

बहुतेकदा फोननेच वापरलेला असतो. फोटोंचा बॅकअप, ॲपची अपडेट्स, स्क्रीनवर सरकवताना आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, ग्रुपवर आलेल्या आणि आपोआप उतरलेल्या चित्रफिती. आयफोनमध्ये २०१५ पासून वायफाय असिस्ट नावाची सोय आहे. घरचं वायफाय कमकुवत वाटलं की फोन गुपचूप मोबाइल डेटा वापरतो. वायफायची खूण वर दिसत होती म्हणून निर्धास्त राहिलेले लोक इथे फसतात.

सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपने किती डेटा घेतला ती यादी उघडा. वरची तीन-चार नावं बघितली की कोडं बहुधा सुटतं. अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर आणि आयफोनमध्ये लो डेटा मोड सुरू करा. ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. व्हिडिओची गुणवत्ता स्वतः ठरवून ठेवा. सहा इंचांच्या स्क्रीनवर ४८० आणि १०८० मधला फरक डोळ्यांना थोडाच कळतो, कोट्याला मात्र खूप कळतो.

फोनमधला आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत नाही. कोणाचा खरा?

बिलासाठी कंपनीचाच धरला जातो. फरकाची साधी कारणं आधी तपासा. फोनमधला महिना एक तारखेपासून मोजला जात असेल आणि तुमचा प्लॅन सतरा तारखेला सुरू झाला असेल. एक जीबी हजाराच्या हिशेबाने धरलाय की १०२४ च्या, यानेही सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. वाटेत हरवून पुन्हा पाठवलेली पॅकेट्स दोन्हीकडे सारखी मोजली जातीलच असं नाही. हे सगळं धरूनही तफावत दीडपट-दुप्पट असेल तर ती गप्प बसण्यासारखी नाही. दिवसवार वापराचा तपशील लेखी मागा.

फोन बंद करून सुरू केला, सिम काढून घातलं किंवा व्हीपीएन लावलं तर मर्यादा टळते का?

नाही. हिशेब कंपनीकडे असतो. जादा डेटाचा पॅक घेतल्यावरही वेग आला नाही तर मात्र एअरप्लेन मोड एकदा सुरू-बंद करून बघा. नवं सेशन सुरू झालं की नवा नियम लागू होतो. व्हीपीएन म्हणजे सगळा डेटा कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. तिच्यामुळे तुम्ही व्हिडिओ बघताय हे झाकलं जातं, पण किती डेटा गेला ते झाकलं जात नाही. उलट थोडा जादाच जातो.

परदेशात हाच अनलिमिटेड प्लॅन चालेल?

देशातला ‘अनलिमिटेड’ सीमेपलीकडे बहुधा मर्यादित होतो. युरोपीय संघात २०१७ पासून एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्यात जादा रोमिंग शुल्काविना चालतं. तिथेही अनलिमिटेड प्लॅनला रोमिंगमध्ये किती डेटा मिळालाच पाहिजे याचं ठरलेलं सूत्र आहे. त्यापुढे कंपनी शुल्क लावू शकते. प्रवासाला निघण्याआधी तो आकडा विचारून घ्या.

अशी जाहिरात करणं कायदेशीर आहे? कुणाला शिक्षा झाली आहे का?

देशोदेशी नियम वेगळे आहेत, पण कारवाया झाल्या आहेत आणि त्या वाचण्यासारख्या आहेत.

अमेरिकेतल्या एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २०१० मध्ये नव्या ग्राहकांना अनलिमिटेड प्लॅन देणं बंद केलं. जुन्यांचे प्लॅन चालू ठेवले आणि २०११ पासून त्यांचा वेग कमी करायला सुरुवात केली. काहींचा तर महिन्याला फक्त २ जीबी वापरल्यावर. फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये खटला भरला. किमान ३५ लाख ग्राहकांना याचा फटका बसला, असं त्यात म्हटलं होतं. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कंपनीने ६ कोटी डॉलरवर तडजोड केली. मला त्या तडजोडीतली रकमेपेक्षा दुसरी अट महत्त्वाची वाटते. डेटाच्या वेगावर वा प्रमाणावर मर्यादा असेल तर ती ठळकपणे सांगायची, बारीक अक्षरांत किंवा लिंकच्या मागे लपवायची नाही. ट्रॅकफोनला त्याआधी २०१५ मध्ये ४ कोटी डॉलर मोजावे लागले होते. टी-मोबाइलचं प्रकरण २०१६ चं. तिथे सर्वाधिक वापर करणाऱ्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी मागे टाकलं जात होतं आणि ते पुरेसं सांगितलं नव्हतं, म्हणून ४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली.

ब्रिटनमध्ये जाहिरातींच्या नियमांत २०१२ पासून स्पष्ट मार्गदर्शन आहे. मर्यादा ओलांडल्यावर जादा पैसे आकारले जात असतील किंवा सेवा बंद होत असेल, तर ‘अनलिमिटेड’ म्हणता येत नाही. वेगावर बंधन असेल तर ते माफक हवं आणि स्पष्ट सांगितलेलं हवं.

हा प्रश्न सिनेमे पाहण्यापुरता नाही, हे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. तिथल्या मेंडोसिनो कॉम्प्लेक्स या प्रचंड वणव्याच्या वेळी सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या एका समन्वय वाहनाचं नेट व्हेरायझन या मोबाइल कंपनीने कोटा संपला म्हणून आवळलं. वेग आधीच्या दोनशेव्या हिश्श्यावर आला. प्लॅन ‘अनलिमिटेड’ होता. दलाने कळवूनही वेग तातडीने पूर्ववत झाला नाही, आधी महागडा प्लॅन घ्यायला सांगण्यात आलं. आपल्याकडून चूक झाल्याचं कंपनीने नंतर मान्य केलं.

खरोखर अमर्याद प्लॅन कुठे असतो का?

असतो. फिनलंडमध्ये मोबाइल डेटा मुख्यतः वेगाच्या हिशेबाने विकला जातो. कमी वेगाचा प्लॅन स्वस्त, जास्त वेगाचा महाग. देशात किती जीबी वापरायचे यावर बहुधा बंधन नसतं. ग्राहकाला पहिल्या दिवशी कळतं की आपल्याला काय मिळणार आहे, आणि तेच तिसाव्या दिवशीही मिळतं. ही पद्धत मला सर्वांत सरळ वाटते.

प्लॅन घेण्याआधी काय विचारू?

पूर्ण वेगाने किती डेटा, तो संपल्यावर वेग किती, आणि रीसेट कधी: मध्यरात्री, चोवीस तासांनी की बिलाच्या तारखेला. ही तीन उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत तर तो प्लॅन घेऊ नका. ‘वेग कमी होऊ शकतो’ हे उत्तर नव्हे. मग हॉटस्पॉट आणि व्हिडिओबद्दल विचारा. अटींमध्ये ‘व्यावसायिक वापर वर्ज्य’ असं असेल आणि तुम्ही घरून काम करत असाल, तर ती ओळ नीट वाचा. तिच्या आधारे सेवा थांबवता येते.

फसवणूक झाली असं वाटतं. तक्रार कशी करू?

जाहिरातीचा आणि प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. ती पानं बदलतात, आणि नंतर ‘तेव्हा काय लिहिलं होतं’ यावरच सगळं अडतं. वेगवेगळ्या वेळच्या स्पीड टेस्ट तारीख-वेळ दिसेल अशा जपा. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार लेखी द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. मजकूर छोटा ठेवा: जाहिरातीत काय म्हटलं होतं, प्रत्यक्षात काय मिळालं, मर्यादा कुठे आणि किती अक्षरांत लिहिली होती, आणि तुम्हाला काय हवं आहे: पैसे परत, वेग पूर्ववत की दंडाविना प्लॅन सोडण्याची मुभा. मुदतीत उत्तर आलं नाही तर कंपनीच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक न्यायव्यवस्थेकडे जा. दूरसंचार नियामकालाही कळवा. तो एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नसला, तरी एकाच प्लॅनबद्दल खूप पत्रं आली की त्यातून नियम बदलायला आधार मिळतो.